डेटाबेस टाकून तर झाला, आता उघडू कुठून? नवख्यांसाठी इन्स्टॉलरचा रिव्ह्यू

पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या विंडोज इन्स्टॉलरला मी ५ पैकी साडेतीन देतो. त्यातले तीन फिनिशचं बटण दाबेपर्यंतचे आणि उरलेला अर्धा त्याच्या पुढचा. सगळा रिव्ह्यू या हिशोबातच आला खरं तर, पण नुसते तारे देऊन कोणाचं काम होत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मी कोणासाठी लिहून राहिलो ते सांगतो. नागपुरात नंदनवनला संध्याकाळी माझी एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेची, छोटी बॅच असते, पोट्टे-पोट्टी बहुतेक बीसीए, बीकॉम, एखादा डिप्लोमावाला, लॅपटॉप बर्डीच्या बाजारातून घेतलेला सेकंडहँड, रॅम चार नाहीतर आठ जीबी, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचं. मिहानच्या आयटी कंपन्यांत एसीत बसून सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल, त्यांना यातलं सगळं येतं. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा सिलेक्ट स्टार (टेबलातलं सगळं दाखव) लिहायचं ठरवलंय आणि लिहायच्या आधीच दोन तास इन्स्टॉलमध्ये घालवले, त्याच्यासाठी हे आहे.

तर पोस्टग्रेस. साइटवर विंडोज निवडलं की इन्स्टॉलरची लिंक मिळते आणि ती तुम्हाला ईडीबी नावाच्या कंपनीच्या पानावर नेते, घाबरू नका, फसवाफसवी नाही, विंडोजचा इन्स्टॉलर तीच कंपनी बनवते, तिचं ऑफिस आपल्या पुण्यातही आहे. तिथे व्हर्जनचं भलंमोठं टेबल येतं आणि नवख्याचा पहिला गोंधळ तिथेच, कोणतं घेऊ? दर वर्षी एक मोठं व्हर्जन येतं, प्रत्येकाला पाच वर्षं सपोर्ट असतो, १८ हे २०२५ च्या सप्टेंबरात आलं. शिकायला १६, १७, १८ काहीही घ्या, सिलेक्ट आणि जॉइन (दोन टेबलं जोडणं) तिन्हीत सारखंच चालतं. फाइल तीनशे-साडेतीनशे एमबीच्या घरात जाते, तेवढा डेटा पॅक शिल्लक ठेवा.

पुढे नेक्स्ट, नेक्स्ट. चार गोष्टींवर टिक आधीच असते: सर्व्हर (डेटा सांभाळणारा खरा डेटाबेस), पीजीॲडमिन (तो उघडून बघायचा प्रोग्राम), स्टॅक बिल्डर, कमांड लाइन टूल्स. स्टॅक बिल्डरची टिक काढा. ते जास्तीच्या गोष्टी डाउनलोड करायचं दुकान आहे, पहिल्या महिन्यात त्याचं काहीच काम पडत नाही, पण टिक राहिली तर शेवटच्या स्क्रीनवर ते उघडायचं की नाही असं विचारतं, तिथेही टिक असतेच, आणि नवख्याला वाटतं की अजून इन्स्टॉल बाकी आहे. मग तो त्या यादीतून काहीबाही निवडत बसतो. ही एक टिक मुळातच बंद ठेवली असती तर निम्मे प्रश्न कमी झाले असते असं माझं मत आहे.

मग पासवर्ड. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त रडारड इथलीच. इन्स्टॉलर म्हणतो सुपरयुजरसाठी (सगळे अधिकार असलेल्या युजरसाठी) पासवर्ड द्या, युजरचं नाव पोस्टग्रेस. नवखा माणूस समजतो की हे कुठल्यातरी वेबसाइटच्या अकाउंटसारखं आहे, विसरलो तर फर्गॉट पासवर्ड करू, ओटीपी येईल. ओटीपी कुठून येणार बाप्पा, सर्व्हर तुमच्याच लॅपटॉपमध्ये आहे, मालकही तुम्हीच. इन्स्टॉलर हे कुठेच सांगत नाही, दोन रकाने दाखवतो आणि पुढे जातो. एक ओळ टाकली असती की बाबा हा पासवर्ड परत मिळायची सोय नाही, लिहून ठेव, तर काय बिघडलं असतं? आणि विसरला की पोट्टं काय करतं, सगळं अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकतं. पण अनइन्स्टॉलर डेटाचं फोल्डर पुसत नाही, मुद्दामच ठेवतो, कारण त्यात कोणाचं खरं काम असू शकतं, हे बरोबरच आहे. फक्त त्याचा परिणाम असा की नवीन इन्स्टॉल जुनंच फोल्डर उचलतं, आणि तुम्ही कितीही नवा पासवर्ड टाइप करा, चालतो जुनाच. याचा खरा उपाय पुन्हा इन्स्टॉल करणं नाही. डेटा फोल्डरमध्ये पीजी एचबीए नावाची कॉन्फ फाइल असते, ती नोटपॅडमध्ये ॲडमिन म्हणून उघडायची, लोकलहोस्टच्या, म्हणजे तुमच्याच मशीनच्या, ओळींमध्ये शेवटी जे स्क्रॅम-शा-२५६ लिहिलंय तिथे तात्पुरतं ट्रस्ट लिहायचं, विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन पोस्टग्रेसची सर्व्हिस रिस्टार्ट करायची, मग पासवर्ड न देता आत शिरून नवा पासवर्ड सेट करायचा आणि फाइल पुन्हा होती तशी करायची. तशी करायला विसरू नका, नाहीतर दार उघडंच राहतं.

पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, ५४३२ असतो, तो तसाच ठेवा. इन्स्टॉलरने स्वतःहून ५४३३ दाखवला तर समजा आधीचं एखादं पोस्टग्रेस मशीनवर चालू आहे, बहुतेक आधीच्या मालकाने टाकलेलं. लोकेलचं (भाषा-प्रदेशाचं) पान आलं की हात लावू नका, डिफॉल्टच राहू द्या. मराठी डेटा टाकायचा म्हणून तिथे मराठी शोधायची गरज नाही, डेटाबेस यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिपी मावणाऱ्या साठवणीत, असला की ‘सीताबर्डी’ आणि ‘धरमपेठ’ बिनधास्त साठवता येतं.

इथपर्यंत सगळं ठीक. फिनिश दाबलं. आणि मग तो सवाल येतो जो मला प्रत्येक नव्या बॅचला ऐकू येतो: “सर, टाकलं ना, पण आता उघडू कुठून?”

डेस्कटॉपवर काहीच आलेलं नसतं. व्हीएलसी टाकला की आयकॉन येतो, क्रोम टाकला की आयकॉन येतो, इथे काही नाही. स्टार्ट मेनूत शोधलं तर एक पीजीॲडमिन ४ आणि एक एसक्यूएल शेल, दोन्ही समोर, कोणतं काय करतं कोणी सांगत नाही. पोट्ट्याने एसक्यूएल शेल उघडलं की काळी खिडकी येते, त्यात सर्व्हर, मग चौकटी कंसात लोकलहोस्ट, आणि कर्सर लुकलुकत उभा. काय टाकायचं? काहीच नाही, एंटर मारायचं. सर्व्हर, डेटाबेस, पोर्ट, युजरनेम, चारही ठिकाणी एंटर. मग पासवर्ड विचारतो, आणि टाइप करताना स्क्रीनवर काहीच दिसत नाही, ठिपके नाही, चांदण्या नाही. कीबोर्ड बिघडला असं वाटून लोक खिडकी बंद करतात. कीबोर्ड ठीक आहे, टाइप करा आणि एंटर मारा. वर कोड पेज (अक्षरांचा तक्ता) वेगळं असल्याची एक वॉर्निंग येते, ती इंग्रजीपुरती सोडून द्या, पण त्या काळ्या खिडकीत मराठी अक्षरं नीट दिसली नाहीत तर डेटा खराब झाला असं समजू नका, पीजीॲडमिनमध्ये तेच नीट दिसतं.

आत गेल्यावरही एक गंमत. सेमीकोलन विसरला की काहीच होत नाही, एरर पण नाही, फक्त पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जिथे बरोबरचं चिन्ह होतं तिथे आडवी रेघ येते. शेल वाट पाहून राहिलं की तुमचं वाक्य संपू दे. ही एवढी बारीक रेघ पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षात येणार? सेमीकोलन टाका, एंटर मारा, उत्तर येतं.

पीजीॲडमिन त्यामानाने बरं दिसतं, पण सुरू व्हायला वेळ घेतं, चार जीबीच्या लॅपटॉपवर तर चहा होतो तोवर. उघडल्यावर डावीकडे झाड असतं: सर्व्हर्स, त्यात पोस्टग्रेस, त्यात डेटाबेसेस, त्यात पोस्टग्रेस नावाचाच डेटाबेस, त्यात स्कीमाज, त्यात पब्लिक, आणि तिथे खाली कुठेतरी टेबल्स. इतके जिने उतरून गेल्यावर टेबल्स रिकामं. बरं, प्रॉडक्टचं नाव पोस्टग्रेस, युजरचं नाव पोस्टग्रेस, डेटाबेसचं नाव पोस्टग्रेस, नवख्याने कोणत्या पोस्टग्रेसकडे बघायचं? जुन्या पीजीॲडमिनमध्ये तर स्वतःचा वेगळा मास्टर पासवर्डही मागायचे, म्हणजे दोन पासवर्ड, आणि कोणता कुठला ते तुम्हीच ओळखा.

मुळात पोट्ट्यांना हे समजत नाही की त्यांनी दोन गोष्टी टाकल्यात. सर्व्हर म्हणजे खिडकीबाहेर बसवलेला कूलर, मागे गपचूप चालून राहतो, पीजीॲडमिन म्हणजे आतल्या भिंतीवरचं बटण. बटण काढून फेकलं तरी कूलर जागेवरच असतो, आणि कूलर बंद असेल तर बटण कितीही दाबा, हवा येणार नाही. कनेक्शन रिफ्यूज्ड आलं की बटणाशी भांडू नका, सर्व्हिसेसमध्ये जाऊन कूलर चालू आहे का बघा. माझी अपेक्षा एवढीच आहे की हे इन्स्टॉलरनेच सांगावं. शेवटच्या स्क्रीनवर चार ओळी: तुमचा सर्व्हर चालू आहे, या पोर्टवर आहे, युजर हा आहे, आणि एक मोठं बटण, पहिली क्वेरी चालवा. तिथे स्टॅक बिल्डर विकायची जागा आहे तर याला का नाही?

आता दुसरा डेटाबेस, मायएसक्यूएल. डाउनलोडच्या पानावर लॉगिन करा, साइन अप करा अशी दोन मोठी बटणं दिसतात आणि लोक ओरॅकलचं (मायएसक्यूएलच्या मालक कंपनीचं) अकाउंट बनवायला बसतात. गरज नाही. त्याच पानावर खाली बारीक अक्षरात एक लिंक असते, नो थँक्स, जस्ट स्टार्ट माय डाउनलोड, ती दाबा. ती लिंक इतकी बारीक का ठेवली असेल हे समजायला काही एमबीए लागत नाही.

मायएसक्यूएलची दुसरी भानगड म्हणजे यूट्यूब. जुने व्हिडिओ सगळे मायएसक्यूएल इन्स्टॉलरचे आहेत, ज्यात डेव्हलपर डिफॉल्ट निवडलं की सर्व्हर, वर्कबेंच (मायएसक्यूएलचं पीजीॲडमिन समजा), नमुन्याचे डेटाबेस सगळं एका झटक्यात यायचं. तो इन्स्टॉलर ८.० पर्यंतच होता. ८.१ पासून साधी एमएसआय इन्स्टॉल फाइल येते, त्यानंतर कॉन्फिगरेटर (पासवर्ड वगैरे ठरवणारा प्रोग्राम) चालवायचा, आणि वर्कबेंच वेगळं डाउनलोड करायचं. ८.० चा सपोर्ट २०२६ च्या एप्रिलपर्यंतचाच. म्हणजे व्हिडिओ एक दाखवून राहिला, तुमच्या स्क्रीनवर दुसरंच, आणि पोट्टं म्हणतं सर माझंच काहीतरी चुकलं. चुकलं काही नाही, ८.४ घ्या, ते लाँग टर्म सपोर्टवालं आहे, आणि व्हिडिओ २०२४ नंतरचा बघा.

पण कॉन्फिगरेटरचं कौतुक केलंच पाहिजे, तो एका पानावर विचारतो की सकिला आणि वर्ल्ड हे नमुन्याचे डेटाबेस बनवू का. हो म्हणा, दोन्ही टिक करा. रिकाम्या झाडाकडे बघत बसण्यापेक्षा पहिल्याच मिनिटाला खरा डेटा समोर येतो, हे पोस्टग्रेसला अजून जमलेलं नाही. वर्ल्डमध्ये सिटी नावाचं टेबल आहे, त्यात आपलं नागपूर आहे! लोकसंख्या १६,२४,७५२, म्हणजे १९९१ च्या जनगणनेचा आकडा, आणि त्याच टेबलात पुणे १५,६६,६५१. भारतातली शहरं लोकसंख्येनुसार उतरत्या क्रमाने लावायची क्वेरी दिली की नागपूर पुण्याच्या वर येतं आणि सगळी बॅच टाळ्या पिटते. आकडा जुना आहे हे मी नंतर सांगतो, आधी ऑर्डर बाय पक्कं होऊ देतो. एवढ्या एका टेबलासाठी मायएसक्यूएलला माझ्याकडून अर्धा तारा जास्त, म्हणजे ४.

मराठीसाठी एक टीप: ८ पासून मायएसक्यूएलचा डिफॉल्ट कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ एमबी-४ आहे. त्याआधीच्या व्हर्जनमध्ये तो लॅटिन-१ होता आणि देवनागरी टाकली की प्रश्नचिन्हांची रांग यायची. कोणी जुनं ५.७ पेनड्राइव्हवर देत असेल तर घेऊ नका.

झॅम्पबद्दल (पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) विचारतातच, कारण ज्यांना पीएचपी आहे त्यांच्याकडे ते असतंच. सोपेपणात याला तोड नाही, कंट्रोल पॅनेल उघडा, स्टार्ट दाबा, हिरवं झालं, ब्राउझरमध्ये पीएचपीमायॲडमिन. पासवर्डच नाही रूटला, म्हणजे मुख्य युजरला! म्हणूनच सोपं आहे, आणि म्हणूनच ते फक्त स्वतःच्या लॅपटॉपपुरतं ठेवा. बटणावर मायएसक्यूएल लिहिलंय पण आत २०१५ पासून मारियाडीबी (मायएसक्यूएलमधूनच निघालेला डेटाबेस) आहे, सुरुवातीच्या शिकण्यात फरक पडत नाही, पण व्हायव्हात व्हर्जन विचारलं तर चाट पडाल. मायएसक्यूएल वेगळं टाकलेलं असेल तर दोघंही ३३०६ पोर्टसाठी भांडतात, एकाला थांबवा. आणि लाइन गेली की याचं अवघड आहे. बॅटरी मेलेला सेकंडहँड लॅपटॉप, मे महिन्यातली दुपार, लाइन गेली, मशीन धाडकन बंद, नंतर स्टार्ट दाबलं तर मायएसक्यूएल शटडाउन अनएक्स्पेक्टेडली. ही एरर जगभर लोक शोधत असतात. नेटवर उपाय म्हणून डेटा फोल्डर उडवून बॅकअप फोल्डर तिथे टाका असं सांगतात, ते करताना तुमच्या डेटाबेसची फोल्डरं आणि आयबीडेटा१ फाइल आधी बाजूला कॉपी करा, नाहीतर एरर जाईल आणि प्रोजेक्टही जाईल. त्यापेक्षा रोज उठायच्या आधी एक्स्पोर्ट मारा आणि स्टॉप दाबून मगच बंद करा. साडेतीन.

ओरॅकल ज्यांच्या प्रॅक्टिकलला आहे त्यांना माझी सहानुभूती. एक्सप्रेस एडिशन २१सीचं डाउनलोडच दोन जीबीच्या आसपास, आणि सगळं सुरळीत टाकून झाल्यावर पुस्तकातलं क्रिएट युजर चालवलं की ओआरए-६५०९६ ही एरर. कारण १२सीपासून डेटाबेसच्या आत डेटाबेस असतात, तुम्ही बाहेरच्या कंटेनरमध्ये उभे असता, आधी कंटेनर बदलून एक्सईपीडीबी१ नावाच्या आतल्या डेटाबेसमध्ये जायचं आणि मग युजर बनवायचा. नवख्यासाठी अडीच. चार जीबी रॅमवर टाकू पण नका.

डॉकरने (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) करा, एका ओळीत होतं, असं नेटवर कोणीतरी सांगतंच. होतं, पण त्या एका ओळीच्या आधी डब्ल्यूएसएल२ (विंडोजमधलं लिनक्स), बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करणं, आणि कंटेनर उडाला तर डेटा कुठे गेला हे समजून घेणं. ज्याला सर्व्हर म्हणजे काय हे अजून कळायचंय त्याला हे सांगणाऱ्या भाऊला दंडवत.

माझ्या बॅचचा पहिला आठवडा मात्र यातल्या कशावरच होत नाही, तो एसक्यूलाइटवर होतो, आणि ५ पैकी ५ मी फक्त त्यालाच देईन. सर्व्हर नाही, पोर्ट नाही, पासवर्ड नाही, अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाइल, व्हॉट्सॲपवर पाठवता येते. तुमच्या खिशातल्या ॲण्ड्रॉइड फोनमध्ये तो आधीपासून आहेच. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये बनवला आणि कोड पब्लिक डोमेनमध्ये, म्हणजे लायसन्सची भानगडच नाही. डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट टाका, न्यू डेटाबेस, लगेच सिलेक्ट. फक्त राइट चेंजेस दाबायला विसरू नका, त्याशिवाय सेव्ह होत नाही. कमतरता आहेत, इंटिजरच्या कॉलममध्ये नाव टाकलं तरी तो मुकाट्याने घेतो, आणि ग्रँट-रिव्होक (अधिकार देणं-काढणं) शिकायचं तर युजरच नाहीत. तोवर पोट्ट्यांना जॉइन जमलेलं असतं, मग पोस्टग्रेसचा पासवर्ड आणि झाड त्यांना तितकं खात नाही.

जाता जाता, बर्डीत काही दुकानवाले लॅपटॉपसोबत सगळं सॉफ्टवेअर टाकून देतो म्हणून वरचे पैसे घेतात. एका पोरीला असाच डेटाबेस टाकून मिळाला, पासवर्ड दुकानदाराने स्वतःच ठेवला आणि तिला सांगितलाच नाही, विचारायला गेली तर टाकणारा पोरगा काम सोडून गेलेला. वर लिहिलेली ट्रस्टवाली युक्ती तिच्यासाठीच केली होती. पैसे द्यायचेच असतील तर रॅम वाढवून घ्या.

मॅकवाल्यांनी इन्स्टॉलरच्या फंदात न पडता पोस्टग्रेस ॲप घ्या, ओढून ॲप्लिकेशन्समध्ये टाकायचं आणि इनिशियलाइज दाबायचं. उबंटूवाल्यांना टर्मिनलमध्ये पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड आलं तर पासवर्ड शोधत बसू नका, तिथे पोस्टग्रेस तुमचं लिनक्सचं नाव बघतो, सुडो लावून पोस्टग्रेस युजर बना आणि मग पीएसक्यूएल (वरचं एसक्यूएल शेलच) चालवा, सरळ आत जाल.